अंगात येतं म्हणजे नक्की काय होतं?

भूतबाधा, पुनर्जन्म, यमाच्या दारातून रिटर्न... असल्या विषयांवर अख्खं करिअर करणारी माणसं असतात. आणि ती मांत्रिक नसतात, चक्क सायकॉलॉजिस्ट असतात! त्यांच्या कामाची ही एक हटके सफर.

मी बुलडाण्याची आहे असं सांगितलं की पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात मला ठरलेले तीन प्रश्न येतात. लोणारचं सरोवर बघितलंस का? शेगावची कचोरी आणलीस का? आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून... ते सैलानी तुमच्याकडेच ना गं? भुतं उतरवतात ते?

हो, आमच्याकडेच. बुलडाणा तालुक्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास इथे प्रचंड यात्रा भरते. लोक नारळ, लिंबं, बिब्बे अंगावरून उतरवून आणतात आणि नारळांची भलीमोठी होळी पेटते. दर्गा मुस्लिम संताचा, पण रांगेत कुंकू लावलेल्या बायकाही तितक्याच असतात. आणि त्या गर्दीत केस मोकळे सोडून घुमणारी, किंचाळणारी, जमिनीवर लोळणारी माणसं दिसतात. त्यांना घट्ट धरून बसलेला एखादा भाऊ, एखादी आई. बाहेरून आलेल्या माणसाला हे सगळं बघून घाम फुटतो.

चिखलीहून मला तिकडे घेऊन गेलेला काळीपिवळीवाला मात्र एकदम शांत होता. म्हणाला, "ताई, इथं कोणी कोणाले हासत नाही. ज्याच्या घरचं दुखणं, त्यालेच माहीत."

हे वाक्य मला जाम आवडलं. कारण आपण शहरातले लोक दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर घाबरतो, नाहीतर हसतो. 'बॉसच्या अंगात आलंय आज' हा तर आपल्या कॅन्टीनचा नॅशनल जोक! पण न घाबरता, न हसता, वही-पेन घेऊन "बरं, सांगा, नेमकं काय झालं?" असं विचारणारं कोणी आहे का? आहे. आणि त्यातल्या काहींची गोष्ट आपल्या विदर्भातून जाते.

यमाच्या ऑफिसातली क्लेरिकल मिस्टेक

आधी भेटा डॉ. सतवंत पसरिचा यांना. बंगळूरच्या 'निमहान्स' या देशातल्या नामांकित मानसिक आरोग्य संस्थेत त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत्या. आता क्लिनिकल सायकॉलॉजी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर डिप्रेशन, स्ट्रेस, काउन्सेलिंग येतं. पण १९७० च्या दशकात त्यांनी वेगळीच वाट धरली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन तेव्हा भारतात फिरून 'मला मागचा जन्म आठवतो' असं सांगणाऱ्या मुलांच्या केसेस गोळा करत होते. पसरिचा त्यांच्यासोबत काम करू लागल्या आणि पुढे स्वतंत्रपणेही करत राहिल्या. १९९० मध्ये त्यांचं याच विषयावरचं पुस्तक आलं.

काम कसं चालायचं? फंडा सोपा, मेहनत प्रचंड. गावात जायचं. मुलगा काय म्हणाला ते आईला विचारायचं, मग वडिलांना, मग शेजाऱ्यांना, आणि तेही वेगवेगळं बसवून. मुलाने ज्याचं नाव घेतलं त्या दुसऱ्या कुटुंबात जायचं. दोन्ही घरांची आधीपासून ओळख होती का, हे खोदून काढायचं. जन्म-मृत्यूच्या नोंदी मिळाल्या तर ताडून बघायच्या. थोडक्यात, क्राइम रिपोर्टर करतो तेच, फक्त इथे गुन्हा नाही.

१९८६ मध्ये पसरिचा आणि स्टीव्हन्सन यांनी आणखी एक भन्नाट पेपर लिहिला. मरता मरता परत आलेल्या १६ भारतीयांचे अनुभव. पाश्चात्त्य लोक अशा वेळी बोगदा, लख्ख प्रकाश, वरून दिसणारं स्वतःचं शरीर वगैरे सांगतात. आपले लोक काय सांगतात माहितेय? दूत आले, घेऊन गेले, तिथे कोणीतरी चोपडी उघडली आणि म्हणालं, 'अरे, हा नव्हे, दुसरा!' मग परत पाठवलं. म्हणजे यमाच्या ऑफिसातही चुकीची फाइल पुढे सरकते!

हसू येतं, पण यातला मुद्दा सीरियस आहे. मेंदू संकटात असताना माणसाला जे दिसतं, त्याला कपडे चढवते ती त्याची संस्कृती. म्हणून अमेरिकेत लिहिलेलं पुस्तक उघडून बुलडाण्यातल्या माणसाचं मन वाचता येत नाही. इथे येऊन, इथल्या भाषेत विचारावं लागतं.

नागपूरची 'शारदा'

आता येऊ या विदर्भातल्या त्या केसकडे, जिच्यावर जगभरच्या संशोधकांनी पानंच्या पानं लिहिली.

साल १९७४. नागपूरची ३२ वर्षांची एक मराठी बाई. उच्चशिक्षित, अविवाहित, शिकवण्याचं काम करणारी. तब्येतीच्या तक्रारींमुळे ती उपचारांसाठी एका ठिकाणी राहायला गेली होती. तिथे ध्यानधारणाही सुरू झाली. आणि एक दिवस ती बंगाली बोलायला लागली. नुसती बोलायला नाही, साडी बंगाली पद्धतीने नेसायला लागली. नाव सांगायची शारदा. आईवडिलांना ओळखेना. त्यांचं मराठी तिला कळेना. घरातली विजेची उपकरणं बघून ती बावरायची. ती सांगत होती तो काळ होता एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, बंगालमधल्या एका विवाहित बाईचा. आपल्याला साप चावला, इथवर तिची आठवण यायची.

हे पर्व कधी एक-दोन दिवस टिकायचं, कधी चक्क काही आठवडे. मग एक दिवस ती पूर्ववत व्हायची आणि 'शारदा' काय बोलली, काय वागली, यातलं तिला काही आठवायचं नाही. विचार करा, तुमच्या आयुष्यातले आठवडे कोणीतरी दुसरंच जगून गेलंय!

आईवडिलांचं काय झालं असेल? घरात तरुण मुलगी आहे, पण ती तुम्हाला परकी समजतेय. शेजारीपाजारी डोकावतायत. अशा वेळी घरचे तिला कुठेही नेऊ शकले असते. इथे मात्र अभ्यासकही दारात आले. पसरिचा आणि स्टीव्हन्सन आले. बंगाली जाणणारी माणसं आली, तिच्याशी बोलली, भाषा तपासली गेली. आणि आले आपले मराठी मानसशास्त्रज्ञ व्ही. व्ही. अकोलकर.

१९७९ मध्ये स्टीव्हन्सन आणि पसरिचा यांनी या केसवर अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या एका मोठ्या नियतकालिकात लिहिलं. १९८४ मध्ये ती स्टीव्हन्सन यांच्या पुस्तकात सविस्तर आली. न शिकलेली भाषा बोलणं हे त्यांच्या मते साधंसुधं प्रकरण नव्हतं. मागच्या जन्माची शक्यता त्यांनी उघडी ठेवली.

अकोलकरांनी आपला सविस्तर अहवाल छापला तो १९९२ मध्ये. केस सुरू झाल्यानंतर तब्बल १८ वर्षांनी! आपल्याला शुक्रवारची डेडलाइन सोमवारवर गेली तरी घाम फुटतो. अकोलकरांनी भाषेबरोबरच त्या बाईचं मन बघितलं. तिचं बालपण, तिची ओढ, तिचे नातेसंबंध, तिच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छा. 'शारदा खरी होती का' याच्या जोडीला 'शारदा याच बाईकडे, याच वेळी का आली' हा प्रश्न त्यांनी घेतला.

मग शंकेखोर आले, आणि यायलाच हवेत. त्यांचे मुद्देही तगडे आहेत. मराठी आणि बंगाली या एकाच कुळातल्या भाषा, संस्कृतचा मोठा वाटा दोन्हीत. या बाईंना बंगालविषयी आधीपासून ओढ होती आणि बंगाली वाचनाचे थोडे धडेही त्यांनी कधीकाळी घेतले होते. सारा थॉमसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी स्टीव्हन्सन यांच्या परभाषेच्या केसेसची कडक चिकित्सा केली. स्टीफन ब्रॉड या तत्त्वज्ञाने २००३ च्या आपल्या पुस्तकात म्हटलं की ही मनाच्या विभाजनाची करामत असू शकते. म्हणजे मनाचा एक कप्पा बाकीच्यांपासून तुटून स्वतंत्र वागायला लागतो, आणि एरवी न दिसणारी कौशल्यंही त्यातून बाहेर येऊ शकतात.

पुनर्जन्म सिद्ध झाला का? नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर मी शंकेखोरांच्या बाजूला बसेन. पण दोन्ही बाजूंना वाद घालता येतो, कारण कोणीतरी नीट नोंदी केल्या. 'नाटक करतेय' म्हणून हाकलून दिलं असतं, किंवा 'देवी आहे' म्हणून हार घातले असते, तर हातात काहीच उरलं नसतं.

वहिनींच्या अंगात यायचं तेव्हा

नागपूरच्या केसवर इतकं संशोधन झालं, पण आपल्या गल्लीतल्या केसेसचं काय? आमच्या गावात शेजारी एक वहिनी होत्या. लग्न होऊन आल्यावर दोनेक वर्षांत त्यांच्या अंगात यायला लागलं. दर अमावास्येला. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई त्या दिवशी सासऱ्यांना एकेरीत बोलायची. "मले माहेरी पाठोव! मले जेवू घाल!" असं ओरडायची. आणि गंमत बघा, एरवी पाणी आणायला उशीर झाला म्हणून बोल लावणारी सासू त्या दिवशी तिच्याच पाया पडायची. घरात नारळ फुटायचा, आणि दुसऱ्या दिवशी वहिनींना चार दिवस माहेरी पाठवलं जायचं.

मी तेव्हा शाळेत होते. मास कॉमला असताना मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांचं १९८२ चं पुस्तक हातात पडलं. राजस्थानातल्या मेहंदीपूर बालाजीला भूतबाधेसाठी येणाऱ्या माणसांसोबत ते बसले होते. ते वाचताना मला सारख्या वहिनीच दिसत होत्या. जे बोलायची परवानगी सुनेला नाही, ते भुताला आहे. भुताच्या तोंडून बोललं की कोणी उलट उत्तर देत नाही. याचा अर्थ वहिनी नाटक करत होत्या का? अजिबात नाही. त्यांना खरंच काही आठवायचं नाही. मनाने स्वतःच एक मागचं दार शोधलेलं असतं, आणि ते दार उघडणारीलाही त्याचा पत्ता नसतो.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही 'बाधा आणि तंद्री' या प्रकाराला जागा आहे. आणि तिथे एक महत्त्वाची अट आहे. जे धर्माचा, परंपरेचा मान्य भाग म्हणून होतं आणि ज्याने त्या माणसाला त्रास होत नाही, तो आजार नाही. म्हणजे गोंधळात कोणाच्या अंगात आलं म्हणून लगेच गोळी नाही! पण जिथे माणूस हैराण आहे, झोप-जेवण सुटलंय, कामधंदा बुडालाय, तिथे मदत हवी. आणि प्रत्येक 'बाहेरचं' एकाच जातीचं नसतं. कधी ते मनाचं विभाजन असतं, कधी स्किझोफ्रेनिया, कधी मॅनिया, कधी फिट्सचा आजार. वरवर बघून ते कळत नाही, म्हणून तर हे शास्त्र शिकलेली माणसं लागतात.

दवा की दुआ?

मग दर्गे-देवळं बंद करा, असं म्हणायचं का? थांबा, इथेही संशोधकांनी आपल्याला गोंधळात पाडलंय!

२००२ मध्ये आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला. तामिळनाडूतल्या एका खेड्यातलं देऊळ, जिथे मनोरुग्ण राहायला येतात. तिथे राहिलेल्या ३१ जणांना त्यांनी आल्यावर आणि जाताना तपासलं. बहुतेकांना स्किझोफ्रेनियासारखे गंभीर आजार होते. सरासरी मुक्काम सहा आठवड्यांचा. लक्षणं मोजायच्या पट्टीवर साधारण २० टक्के सुधारणा दिसली! तिथे कोणता खास विधी नव्हता. कोणी मारत नव्हतं. घरचं माणूस सोबत, रोजची थोडी कामं, आणि 'वेडा' म्हणून कोणी बोट दाखवत नाही, बस्स. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे 'देवळात आजार बरा होतो' असा अर्थ काढायचा नाही. पण निवारा आणि माया मिळाली तर फरक पडतो, इतकं त्यातून दिसतं.

आता त्याच तामिळनाडूतली दुसरी तारीख. ६ ऑगस्ट २००१, एरवाडी. दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. आतले मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. पळता आलं नाही. २८ जण गेले.

एकाच राज्यात, एका वर्षाच्या आत लोकांसमोर आलेल्या या दोन गोष्टी. दोन्हीकडे श्रद्धा होती. फरक होता तो साखळीचा. म्हणून आज कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे. त्याआधी महाराष्ट्राने २०१३ मध्येच जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं हा त्यानुसार गुन्हा आहे. या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला.

मधला रस्ताही आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुआ' असा प्रयोग सुरू झाला. दुआ मागायला आलेल्याला दर्ग्यातलेच लोक सांगतात, बाजूला डॉक्टर बसलेत, त्यांनाही भेटून घ्या. मुजावर सांगतोय म्हटल्यावर माणूस ऐकतो! नुसतं 'अंधश्रद्धा सोडा' म्हटल्याने जो दरवाजा बंद होतो, तो असा उघडतो.

याची गरज किती आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. आमच्या भागातल्या एखाद्या बापाला मुलाला मनोरुग्णालयात न्यायचं तर नागपूर गाठायचं, म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटर. सैलानी त्यापेक्षा कितीतरी जवळ. तो तिकडे जातो ते नेहमी डॉक्टरवर विश्वास नाही म्हणून नव्हे. त्याच्या पोराकडे बघून न हसणारी जागा त्याला तीच माहीत असते.

मग आमच्या वहिनी?

त्यांना कोणी सायकॉलॉजिस्ट भेटला नाही. धाकट्या दिराची बायको नर्सिंग शिकलेली आली. तिने एक केलं. अमावास्येची वाट न बघता रोज दुपारी वहिनींशेजारी बसून गप्पा मारायला लागली. हळूहळू माहेरी जायचं एरवीच ठरायला लागलं. अंगात येणं आधी कमी झालं, मग थांबलं. प्रत्येकीचं असं होईल असं नाही, काहींना औषधं लागतातच. परवा भेटल्या तेव्हा वहिनींना मी हे सगळं संशोधन सांगितलं, यमाच्या चोपडीपासून शारदेपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतक्या लांबून ते लोक नुसतं ऐकाले येत होते?"

हो वहिनी. नुसतं ऐकायला. त्याचा त्यांना पगार मिळायचा.

"चांगलं काम हाय," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

तुम्हालाही हेच करायचंय?

*   भुताखेतांत इंटरेस्ट आहे म्हणून थेट तिथे उडी मारता येत नाही! आधी मानसशास्त्रात पदवी, मग एमए किंवा एमएस्सी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर मान्यताप्राप्त संस्थेतलं पुढचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.
*   सायकॉलॉजिस्ट आणि सायकिअ‍ॅट्रिस्ट यांत गल्लत नको. दुसरा एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर असतो आणि औषधं तो लिहून देतो.
*   मराठी, अहिराणी, वऱ्हाडी, दखनी... घरची बोली विसरू नका. 'बाहेरचं झालंय' याचा अर्थ इंग्रजी पुस्तकात सापडत नाही.
*   आणि करिअरचं जाऊ द्या, मनात स्वतःचंच काही खदखदत असेल, किंवा घरातलं कोणी ओळखू न येण्याइतकं बदललं असेल, तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर सेव्ह करा. केंद्र सरकारची ही मोफत हेल्पलाइन २०२२ मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.